पलटणीचा हिशेब

दर साली एक जानेवारीला रबाळ्यातून गाड्या भरभरून भीमा कोरेगावला जातात. मीही जातो. निळे झेंडे खिडकीबाहेर, पोरांचे घसे बसलेले, पहाटे खांबासमोर रांग, मग फोटो, मग परत. दोन तारखेला सकाळच्या पाळीला कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या रजिस्टरात सही. या दोन दिवसांचं एकमेकांशी नातं आहे. ते आपण तोडून टाकलंय. खांबावरच्या शिपायाला सलाम ठोकतो आणि शिपाई लढून परत आल्यावर त्यानं काय मागितलं, काय नाकारलं, हे विचारत नाही. आज मला तेच विचारायचंय.

आधी बाहेरच्यांचा निकाल लावू. ते म्हणतात, कोरेगावला महार इंग्रजांकडून लढले, आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या, यादवी केली, देशाशी गद्दारी केली. बरं. खातं काढलंच आहे तर सगळी पानं उघडा. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून इंग्रजांची पलटण स्वतःच्या खर्चानं पुण्याच्या उरावर कोणी बसवून घेतली? दुसऱ्या बाजीरावानं. गादी गेली होती, ती इंग्रजाच्या संगिनीवर परत मिळवली. १ जानेवारी १८१८ ला त्याच्या बाजूनं कोरेगावात घुसले त्यांत पगारी अरब होते, गोसावी होते. अरबानं पेशव्याचा पगार खाल्ला तर स्वामीनिष्ठा, महारानं कंपनीचा पगार खाल्ला तर गद्दारी! आणि जून १८१८ ला शरण जाऊन, सालीना आठ लाखांचं पेन्शन पदरात पाडून, बिठूरला जाऊन कोण राहिलं? तोच बाजीराव. पुढं तेहतीस वर्षं इंग्रजाचं पेन्शन खाऊन १८५१ ला मेला. शिपाई महिन्याच्या मोजक्या रुपयांत पोटाला गोळी लावून घेत होता. आता सांगा, विकलं कोणी आणि केवढ्याला?

आणि "आपलीच माणसं" म्हणजे कोण? पेशव्याच्या पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून चालावं लागायचं, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय. थुंकी जमिनीवर पडली तर जमीन बाटायची. ज्याची थुंकी तुम्हांला आपली वाटली नाही, त्याची गोळी मात्र आपल्याच माणसाची वाटायला पाहिजे होती काय? हेच लोक मराठेशाहीच्या गडांवर पहारे देत होते. १७९५ ला खर्ड्यावर निजामाविरुद्ध पेशव्याच्या बाजूनं लढल्याबद्दल शिदनाकाचं नाव आजही घेतात. तेव्हा निष्ठा चालली, पण पंगत चालली नाही. यादवी म्हणता ना? मग ऐका. गाव आणि महारवाडा यांच्यात यादवी शतकानुशतकं चालू होती. एक बाजू मारायची, दुसरी मार खायची, आणि गावकीच्या भाषेत त्याला शांतता म्हणायचे. कोरेगावला मार खाणाऱ्याच्या हातात बंदूक आली आणि मगच या लोकांना यादवी दिसली.

हे झालं त्यांचं. आता घरातलं बोलतो. कडू लागेल, गिळा.

"पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले." ही ओळ आपल्या बॅनरवर असते, भाषणात असते, मोबाईलच्या स्टेटसवर असते. दोस्तहो, ही ओळ टाका. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती, सुमारे पाचशे माणूस. बरोबर अडीच-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफांवर मद्रासचे चोवीस गोरे गोलंदाज. पायदळात महार बरेच, पण मराठे, मुसलमान, आणखीही जातीचे लोक होते. पेशव्याची फौज मोठी होती, पण ती सगळी एकाच वेळी गावात शिरली नव्हती. खांबावर मारल्या गेलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यातली २२ नावं 'नाक'वाली. हे बावीस पुरेसे नाहीत काय? शिरूरहून रात्रभर चालत आलेली माणसं. सकाळी लढाईला तोंड लागलं ते रात्रीपर्यंत. भीमा नदी समोर, आणि घशात थेंब नाही, कारण पाण्याची वाट दुश्मनाच्या हातात. तशा उपाशी-तहानलेल्या अवस्थेत गाव धरून ठेवलं. आठशे-साडेआठशेच्या तुकडीतले पावणेतीनशेच्या आसपास मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले. हे खरं आहे आणि खरं तेवढं भारी आहे. त्याला फुगवायची गरज त्यालाच वाटते ज्याला आपल्या माणसाचं खरं शौर्य कमी वाटतं. शिवाय आकडा फुगवला की समोरचा एका मिनिटात तो फोडतो आणि आकड्याबरोबर बावीस नावंही कचऱ्यात टाकतो. पुराणं रचायचा धंदा ज्यांचा आहे त्यांचा त्यांनाच लखलाभ. आपल्याला इतिहास पाहिजे.

आणि इतिहास खांबापाशी संपत नाही. तिथून सुरू होतो. पलटणीनं आपल्याला काय दिलं? मेडल? जमीन? मेडलं कंपनीनं दिली, जमिनी बहुतेक दुसऱ्यांनाच. खरी चीज वेगळीच होती, आणि साहेबानं ती आपल्यावर उपकार म्हणून दिली नव्हती. शिपायाला हुकूम वाचता यावा, हिशेब कळावा म्हणून छावणीत शाळा होती. शिपायाच्या पोराला तिथं पाटी मिळाली. गावातल्या शाळेच्या ओट्यावर ज्याला चढू देत नव्हते तो छावणीत बाकावर बसला. रामजी सकपाळ सुभेदार झाले, महूच्या लष्करी शाळेत हेडमास्तर झाले. भीमाबाईचं घराणं आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं, पलटणीतलंच, बाप सुभेदार-मेजर. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत बाबासाहेब जन्मले. पुढच्या दोन वर्षांत, १८९२-९३ ला, इंग्रजानं महारांची भरती बंद केली.

का बंद केली? कोरेगाव विसरला काय? विसरायला काय, खांब त्यानंच बांधला होता! पण आता त्याला "लढाऊ वंश" नावाची नवी विद्या सुचली होती. अमुक जात जन्मानंच शूर, तमुक जात जन्मानंच हलकी. मनूला साहेबाचा कोट घातला, एवढंच. शिवाय वरच्या जातीचा शिपाई महार सुभेदाराला सलाम करायला कुरकुरत होता. गोऱ्या साहेबानं ऐंशी वर्षांच्या इमानाकडं बघितलं नाही. कुरकुरणाऱ्याकडं बघितलं. दोस्तहो, हे पाठ करा. इमान म्हणजे पावती नव्हे. रक्त सांडलं म्हणून कोणताही मालक आपणहून हक्क देत नाही. गरज सरली की दार लागतं.

मग पाटी शिकलेल्या शिपायानं काय केलं? अर्ज लिहिला. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतले हवालदार, १८८६ ला निवृत्त होऊन दापोलीला राहिले. १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' काढलं. १८९४ ला त्यांनी सैन्यभरतीचा अर्ज लिहिला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय असंही म्हटलंय. आज ते आपल्याला पटणार नाही, पण त्या काळी एका निवृत्त हवालदारानं सरकारला लेखी जाब विचारला, हे बघा. मग पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. १९०८ ला 'सोमवंशीय मित्र' काढलं, १९१० ला थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. हे दोघे आपल्या किती पोरांना माहीत आहेत? खांबाचा फोटो शंभर जणांच्या मोबाईलमध्ये सापडेल. वलंगकरांचा अर्ज वाचलेला एक दाखवा.

मग पहिलं महायुद्ध आलं. माणूस कमी पडायला लागला. १९१७ ला साहेबाला महार पुन्हा लढाऊ वाटला आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ ला पलटण मोडली. चार वर्षांत लढाऊचा पुन्हा हलका! भरती-ओहोटी इथं खाडीत बघतो, ती चंद्राच्या हिशेबानं चालते. आपली भरती-ओहोटी मालकाच्या गरजेच्या हिशेबानं चालली.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले. नुसता फेटा बांधून मिरवायला आले नव्हते. अडीच महिन्यांनी, मार्चच्या १९ तारखेला महाडच्या परिषदेत त्यांनी सैन्यबंदीवर सविस्तर बोलून दाखवलं: पेन्शनरांच्या वस्तीनं कोकणात शिक्षण आणि मान कसा आणला, आणि भरती बंद झाल्यावर समाज कसा खाली आला. दुसऱ्या दिवशी चवदार तळं. कोरेगावला नदीकाठी पाण्यावाचून लढलेल्यांची नातवंडं-पतवंडं महाडला तळ्यात उतरली. हा आहे खांबापासून निघालेला रस्ता: पलटण, पाटी, अर्ज, तळं. आपण पहिल्याच मुक्कामावर फोटो काढतो आणि मागं फिरतो.

आता जरा लांब जाऊ. सातासमुद्रापलीकडं, पण आपल्यापासून फार लांब नव्हे. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' काढली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना सोडवलं. गुलाम सुटले ते यादवी युद्धातून, १८६१ ते १८६५. पण सोडवणारे सगळे गोरेच नव्हते. पावणेदोन लाखांच्या वर काळे लोक उत्तरेच्या सैन्यात शिपाई म्हणून लढले. त्यातली एक पलटण मॅसॅच्युसेट्सची ५४ वी स्वयंसेवक पायदळ. १८६३ ला उभी राहिली. शिपाई काळे, अधिकारी गोरे, कर्नल शॉ गोरा. फ्रेडरिक डग्लस, स्वतः पळालेला गुलाम आणि केवढा वक्ता, त्याची दोन पोरं या पलटणीत होती. दक्षिणेनं जाहीर केलेलं की काळा शिपाई हातात सापडला तर त्याला युद्धकैदी मानायचं नाही, बंडखोर गुलाम मानायचं. म्हणजे तिथंही तोच आरोप: मालकाविरुद्ध लढतोस म्हणजे गद्दार! १८ जुलै १८६३ ला वॅग्नरच्या किल्ल्यावर या पलटणीनं हल्ला केला. सहाशेतले जवळजवळ निम्मे पडले. कर्नलही पडला. दक्षिणेनं त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, अपमान म्हणून. विल्यम कार्नी नावाच्या सार्जंटनं गोळ्या खाऊनही झेंडा जमिनीला लागू दिला नाही. त्याला मेडल कधी मिळालं? १९०० साली. सदतीस वर्षांनी.

पण मला तुम्हांला वॅग्नरचा किल्ला दाखवायचा नाही. पगाराचं टेबल दाखवायचंय. भरतीच्या वेळी सांगितलेलं, गोऱ्याइतका पगार, महिना तेरा डॉलर. पगाराचा दिवस आला तर हातावर दहा, आणि त्यातले तीन कपड्याचे कापून. राहिले सात. गोळी सारखी, खड्डा सारखा, पगार निम्मा! ५४ वीनं काय केलं माहितीय? पगार घेतलाच नाही. एका महिन्याचा नव्हे. जवळजवळ दीड वर्ष बिनपगारी लढले. घरी बायकापोरं उपाशी. मॅसॅच्युसेट्स राज्यानं म्हटलं, फरकाचे पैसे आम्ही घालतो, घ्या. तेही घेतले नाहीत. कारण प्रश्न सहा डॉलरचा नव्हता. सरकारनं कागदावर मान्य करायला पाहिजे होतं की हा शिपाई तो शिपाई एकच. त्यांच्यातल्या जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कॉर्पोरलनं सप्टेंबर १८६३ ला थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनला पत्र लिहिलं आणि विचारलं, आम्ही शिपाई आहोत की मजूर? आठवतात वलंगकर? मधी समुद्र, मधी एकतीस वर्षं, पण दोघांच्या हातात लेखणीच होती. जून १८६४ ला अमेरिकेच्या काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला.

याच लढ्यातलं दुसरं नाव विल्यम वॉकर. साउथ कॅरोलिनाच्या काळ्या पलटणीतला सार्जंट. त्यानंही असमान पगार नाकारला, आपल्या कंपनीला घेऊन अधिकाऱ्याच्या तंबूपुढं बंदुका ठेवल्या. फेब्रुवारी १८६४ ला बंडाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या. मागणी तीच. पण ५४ वी अख्खी पलटण एकत्र उभी होती आणि वॉकरच्या मागं एक कंपनी होती. हा फरक डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.

परत घरी या. बाबासाहेब १९४१ ला व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर होते, पलटणीची मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब आला. पुढं तो काढला आणि जागी कट्यार आली. रेजिमेंटमध्ये आज देशभरच्या जातीधर्माचे जवान आहेत, आणि ते चांगलंच आहे. १९४७ ला फाळणीची यादवी पेटली तेव्हा तिन्ही बटालियनी पंजाब सीमा दलात होत्या. हिंदू-मुसलमान-शीख एकमेकांना कापत होते आणि ज्यांची सावली कालपर्यंत विटाळ करायची ते निर्वासितांच्या जिवाला पहारा देत होते. १९८७ ला शेजारच्या श्रीलंकेच्या यादवीत भारताची फौज गेली, तीत ८ महार होती. २५ नोव्हेंबर १९८७ ला मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावर मारणाऱ्याची बंदूक हिसकावून लढले आणि मेले. परमवीरचक्र मिळालं. त्या मोहिमेत हजाराच्या वर भारतीय जवान गेले, मार्च १९९० ला फौज परत आली. दुसऱ्याच्या यादवीत पलटण कोणी धाडायची हे दिल्लीत ठरतं. मरायचं कोणी, हे गावागावात आधीच ठरलेलं असतं. या रेजिमेंटनं देशाला कृष्णराव आणि सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. उर भरून येऊ द्या. पण त्याच उरातून विचारा: गावात त्या जवानाची वरात अजून का अडवतात? सुट्टीवर आलेल्या फौजीच्या पोरानं घोड्यावर बसायचं की नाही हे कोण ठरवतं?

आता रबाळं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून उठलेली माणसं या पट्ट्यातल्या दगडखाणींवर आली. माझा बाप त्यातलाच. दगड फोडायचा, रात्री खोकायचा. मग एमआयडीसी वाढली, केमिकल आलं, इंजिनिअरिंग आलं, आता थंडगार डेटा सेंटरं आली. प्रत्येक गेटवर एक पलटण उभी आहे. बघा नीट. वर्दी, बूट, टोपी, खांद्यावर पट्टी, गाडी आली की सॅल्यूट. वॉचमन. त्यातले किती आपले, हे वस्तीत एक फेरी मारून मोजा. आत मशीनवर दोन माणसं शेजारी उभी. एक परमनंट, एक ठेकेदाराचा. मशीन एक, पाळी एक, बोट तुटलं तर रक्त एकाच रंगाचं. पगार दोन. मी एका कंपनीत नऊ वर्षं असा दुसऱ्या रजिस्टरवर होतो. शेजारचा माझ्याकडून काम शिकला आणि माझ्या दुपटीनं घेऊन गेला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं होतं, काम सारखं तर दाम सारखा. २०१६ ला सुप्रीम कोर्टानंही सरकारी नोकरीतल्या हंगामी कामगारांबद्दल तेच सांगितलं. कागद बोलत होता. आपण गप्प होतो. एक जानेवारीला गप्प नव्हतो, तीनशे चौसष्ट दिवस गप्प होतो.

तुम्ही म्हणाल, दादा, नाकारलं तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. बरोबर आहे. एकट्यानं नाकारलं तर वॉकर होतो. म्हणूनच पलटण लागते. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलह बिलाविरुद्ध संप झाला, त्यात बाबासाहेब होते आणि समता सैनिक दलाची पोरं रस्त्यावर होती. ज्या माणसानं तीन वर्षांनी सैन्यात पलटण मिळवली, त्यानंच गिरणी कामगाराच्या संपाची हक्काची बाजू घेतली. त्याच्या डोक्यात छावणी आणि कारखाना वेगळे नव्हते. आपल्या डोक्यात कसे झाले?

म्हणून येत्या एक जानेवारीसाठी सांगतो. जा. झेंडा घ्या. पण खिशात स्वतःची पगाराची चिठ्ठी घ्या. खांबावरची नावं वाचून झाली की गाडीत बसल्यावर चिठ्ठ्या काढा, एकमेकांच्या बघा, कुणाला किती आणि कोणत्या कामाचे, वहीत उतरवा. परत येताना घाट उतरेपर्यंत अर्जाचा मसुदा झाला पाहिजे. अर्ज लिहायला येत नसेल तर वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला बसवा, वलंगकरांची पाटी तिच्याच हातात आहे. दोन तारखेला गेटवर एक अर्ज, शंभर सह्या. सही करायला घाबरणारा असेल, त्याला शिव्या देऊ नका, शेजारी उभे राहा. ज्यानं त्याचा फायदा घेऊन ठेकेदाराकडं चहाडी केली, त्याला मात्र ओळखून ठेवा.

तिथं मेलेल्या बावीस जणांनी आपल्याकडं सलाम मागितलेला नाही. हिशेब अजून उघडा आहे, तेवढा पुरा करा.

जयभीम.